असुराला मान देणारा नट

मराठी मध्यमवर्गीय घरांतील दोन-तीन पिढ्यांचे बालपण 'चांदोबा'ने समृद्ध केले. विक्रम आणि वेताळाची ती न संपणारी वाटचाल, मांत्रिक, राजकन्या, गुप्त गुहा आणि बोलके पक्षी यांचे ते रंगीत जग आजही अनेकांच्या स्मरणात ताजे असेल. १९४७ साली तेलुगू व तमिळ भाषांत सुरू झालेले हे मासिक १९५२ साली मराठीत आले. त्याचे जनक होते बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी. हेच दोघे मद्रासच्या विजया प्रॉडक्शन्स या चित्रसंस्थेचे सूत्रधार होते. 'चांदोबा'च्या पानांवर जे जग त्यांनी शाई आणि रंगांनी उभे केले, तेच जग त्यांनी 'पाताळभैरवी' (१९५१) आणि 'मायाबाजार' (१९५७) या चित्रपटांतून पडद्यावर साकारले.

दुर्दैव असे की, 'चांदोबा' महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला, पण ते चित्रपट पोहोचले नाहीत. त्यामुळे त्या चित्रपटांचा प्राण असलेला एक थोर नट मराठी रसिकांना अपरिचितच राहिला. त्या नटाचे नाव समर्ला वेंकट रंगाराव. आंध्र आणि तमिळनाडूत त्यांना एस. व्ही. रंगाराव या नावाने ओळखतात आणि तेलुगू रसिक त्यांचा उल्लेख 'विश्वनटचक्रवर्ती' असा करतात. ३ जुलै १९१८ रोजी कृष्णा जिल्ह्यातील नूझीवीडू येथे जन्मलेला आणि १८ जुलै १९७४ रोजी मद्रास येथे हृदयविकाराने निधन पावलेला हा कलावंत रूढ अर्थाने कधीच चित्रतारा नव्हता. तो नायिकेभोवती नाचला नाही. त्याने रंगवले ते मांत्रिक, राक्षस, दैत्यराज, उन्मत्त सेनापती आणि घराण्याच्या अभिमानाने ताठर झालेले वडील. तरीही अर्धे शतक उलटून गेल्यावर तेलुगू माणूस त्याचे नाव आदराने घेतो. हे कसे घडले, याचा विचार आज करण्याजोगा आहे; कारण पुराणकथा पडद्यावर आणण्याची नवी लाट आली असताना, या नटाने जे जपले तेच नेमके हरवत चालले आहे.

अग्निशमन दलातून रंगभूमीकडे

रंगाराव यांचे कलाजीवन सरळ रेषेत घडले नाही. विद्यार्थिदशेतील काही काळ मद्रासमध्ये गेल्यामुळे तमिळ भाषा त्यांच्या कानांवर लहानपणीच पडली. पुढे काकिनाडा येथील यंग मेन्स हॅपी क्लब या हौशी नाट्यसंस्थेत त्यांच्यातील नट घडला. शेक्सपिअरच्या नाटकांतील शायलॉक आणि ऑथेल्लोसारख्या भूमिका त्यांनी इंग्रजीतून केल्या. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी अग्निशमन दलात अधिकारी म्हणून नोकरी धरली. स्थिर उत्पन्नाची ती नोकरी सोडून चाळीसच्या दशकात ते चित्रपटाकडे वळले.

पहिला चित्रपट होता 'वरूधिनी'. कृष्णदेवरायाच्या दरबारातील महाकवी पेद्दना यांच्या 'मनुचरित्रा'तील कथा त्याला आधारभूत होती. हिमालयात वाट चुकलेला आणि अप्सरेच्या मोहाला न भुलणारा प्रवर हा ब्राह्मण रंगारावांनी रंगवला. चित्रपट अपयशी ठरला आणि या तरुण नटाला पोटासाठी थेट जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात नोकरी करावी लागली. मात्र रंगभूमीची ओढ त्या लोखंडाच्या नगरीतही सुटली नाही. तेथील तेलुगू मंडळींच्या नाटकांतून त्यांनी कामे केली आणि संधी येताच ते मद्रासला परतले. 'शावुकारु' (१९५०) या विजया संस्थेच्या पहिल्या चित्रपटात त्यांनी गावगुंडाची भूमिका केली. पुढच्याच वर्षी 'पाताळभैरवी'तील मांत्रिक आला आणि त्या एका भूमिकेने त्यांचे स्थान कायमचे निश्चित केले.

के. व्ही. रेड्डी दिग्दर्शित 'पाताळभैरवी'त नायक होते एन. टी. रामाराव. माळ्याचा शूर मुलगा आणि त्याचा बळी देऊन सिद्धी मिळवू पाहणारा नेपाळी मांत्रिक, असा तो संघर्ष. रंगारावांचा मांत्रिक ओरडत नाही. शब्द चघळत, डोळे बारीक करून, लोभाला मायेचा मुलामा देऊन तो बोलतो. १९५२ साली मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेलेला हा एकमेव दाक्षिणात्य चित्रपट होता. म्हणजेच हा नट मुंबईच्या दारापर्यंत येऊन गेला, पण मराठी मनात त्याने घर केले नाही.

दोन भाषा, एकच घटोत्कच

तो काळ दक्षिणेत भाषिक तणावाचा होता. स्वतंत्र आंध्र राज्यासाठी उपोषण करणाऱ्या पोट्टी श्रीरामुलू यांनी १५ डिसेंबर १९५२ रोजी देह ठेवला. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य जन्माला आले. मद्रास शहर कोणाचे, या प्रश्नावरून तेलुगू आणि तमिळ मने दुखावली गेली होती. मुंबईसाठी झालेला संयुक्त महाराष्ट्राचा लढा अनुभवलेल्या मराठी माणसाला त्या जखमेची खोली सांगावी लागत नाही. त्याच सुमारास तमिळ प्रदेशात रामकथा ही उत्तरेने लादलेली कथा आहे, असा प्रचार जोर धरत होता आणि रावणाला द्रविडांचा नायक ठरवले जात होते.

अशा वातावरणात, २७ मार्च १९५७ रोजी तेलुगूत आणि पुढच्याच महिन्यात तमिळमध्ये 'मायाबाजार' प्रदर्शित झाला. अभिमन्यूच्या भूमिकेत तेलुगूत अक्किनेनी नागेश्वरराव होते, तर तमिळमध्ये जेमिनी गणेशन. मात्र दोन्ही भाषांत घटोत्कच एकच होता, तो म्हणजे रंगाराव! तेलुगू घरांतील मुलांना जो घटोत्कच आपला वाटला, तोच मदुराई आणि तंजावरच्या मुलांनाही आपला वाटला. व्यासपीठावरील एकात्मतेच्या भाषणांनी जे साधत नाही, ते या विशालकाय, मिश्कील राक्षसाने लग्नाच्या मांडवातील लाडूंचे ताट फस्त करता करता साधले.

ही कथा मराठी माणसाला परकी नाही. बलरामाच्या कन्येचे अभिमन्यूवर प्रेम, कौरवांनी घातलेला घाट आणि घटोत्कचाने मायेने रचलेले नाटक, हे कथानक व्यासांच्या महाभारतात नाही. ते लोकपरंपरेने घडवले आहे. तेलुगूत ती शशिरेखा, महाराष्ट्रात वत्सला किंवा सुरेखा. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी १९२१ साली 'सुरेखाहरण' काढला आणि त्यातील श्रीकृष्णाच्या भूमिकेतून व्ही. शांताराम यांनी पडद्यावर पदार्पण केले. पुढे बाबूरावांनी 'वत्सलाहरण'ही काढला. इतकेच नव्हे, तर पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' (१९३१) आणि पहिला तेलुगू बोलपट 'भक्त प्रल्हाद' (१९३२) हे दोन्ही मुंबईतच तयार झाले. पंचगंगेच्या काठी रंगलेली कथा मद्रासच्या वडपळणीतील स्टुडिओत नव्या तेजाने उभी राहिली, तेव्हा ती आपल्याच गोत्राची होती. तिची ओळख मराठी रसिकांनी ठेवली नाही, एवढेच.

'मायाबाजार'मधील एक प्रसंग रंगारावांच्या सामर्थ्याची साक्ष म्हणून पुरेसा आहे. घटोत्कच मायेने शशिरेखेचे रूप घेतो. म्हणजे पडद्यावर दिसते ती सावित्री ही थोर अभिनेत्री. परंतु तिच्या चालीत, भुवयांत आणि नजरेत वावरतो तो घटोत्कच. सावित्रीने येथे रंगारावांची प्रत्येक लकब इतकी अचूक उचलली आहे की, प्रेक्षक क्षणार्धात ओळखतो, ही शशिरेखा नव्हे! नटाने आपली व्यक्तिरेखा किती रेखीव घडवलेली असावी, की दुसऱ्या देहातही ती ओळखू यावी! या चित्रपटात पाच पांडवांपैकी एकही पडद्यावर येत नाही. महाभारताची कथा, तीही पांडवांविना, आणि तिचा भार एका राक्षसपुत्राच्या खांद्यावर! तो भार या नटाने हसत पेलला.

कीचकाचा सन्मान

रंगारावांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च क्षण आला तो मात्र एका घृणास्पद व्यक्तिरेखेमुळे. कमलाकर कामेश्वरराव दिग्दर्शित 'नर्तनशाला' (१९६३) हा पांडवांच्या अज्ञातवासावरील चित्रपट. त्यात एन. टी. रामाराव बृहन्नडा, सावित्री सैरंध्री आणि भीमाच्या भूमिकेत दंडमूडी राजगोपाल हे भारताचे नामांकित भारोत्तोलक. रंगाराव होते कीचक. राष्ट्रीय पुरस्कारांत 'नर्तनशाला' द्वितीय सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि १९६४ साली जाकार्ता येथे झालेल्या तिसऱ्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात रंगारावांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान मिळाला.

हा सन्मान जाकार्तात मिळावा, यातही एक औचित्य आहे. इंडोनेशियाच्या छायानाट्यात अर्जुन, भीम आणि घटोत्कच आजही जिवंत आहेत. त्या देशाने १९९५ साली आकाशात झेपावलेल्या आपल्या पहिल्या स्वदेशी रचनेच्या प्रवासी विमानाच्या नमुन्याला 'गाटोटकाचा' असे नाव दिले. धर्म बदलला तरी पूर्वजांच्या कथांशी नाते तोडावे लागत नाही, हे त्या समाजाने दाखवून दिले आहे.

मराठी वाचकाला कीचक म्हटले की कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' आठवते. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला पाहिले आणि १९१० साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. दक्षिणेतील पहिला मूकपट आर. नटराज मुदलियार यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात काढला, त्याचाही विषय 'कीचकवध' हाच होता. पारतंत्र्यातील समाजाला कीचकाची कथा पुनःपुन्हा सांगाविशी वाटली, कारण सत्ता उन्मत्त झाली की ती कुळाचे शील ओरबाडते, हे त्याला अनुभवाने कळले होते.

रंगारावांचा कीचक पाहिला की हे सत्य अधिक झोंबते. हा कीचक विकट हास्य करणारा राक्षस नाही. तो राणीचा भाऊ आहे, पराक्रमी सेनापती आहे, रसिक आहे, देखणा आहे. त्याच्या पावलांत सत्तेचा सैलपणा आहे, पापण्यांवर मदाची धुंदी आहे. आपल्याला कोणी नाही म्हणू शकते, ही कल्पनाच त्याच्या मनाला शिवत नाही. सभेतील सारे त्याला ओळखतात आणि सारे गप्प बसतात. असा कीचक पाहताना प्रेक्षकाला भय वाटते ते त्याच्या दातांचे नाही, तर त्याच्या प्रतिष्ठेचे.

प्रतिनायकाचे शास्त्र

आपल्या नाट्यपरंपरेने हे फार पूर्वी जाणले होते. धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायक हा धीरोद्धत सांगितला आहे. तो लोभी, हट्टी आणि पापी असतो, पण क्षुद्र नसतो. पुराणांनी तर याहून पुढचे पाऊल टाकले. हिरण्यकशिपू आणि रावण हे मूळचे वैकुंठाचे द्वारपाल. शाप भोगण्यासाठी खाली आलेले. म्हणजे असुर हा दुसऱ्या कुठल्या मातीतून उगवलेला नाही. तो देवाच्या उंबरठ्यावरून घसरलेला आहे. तप त्याने केले आहे, वेद त्याने वाचले आहेत, पुत्रावर त्याचेही प्रेम आहे. घसरला तो एकाच ठिकाणी, अहंकारापाशी!

एव्हीएमच्या 'भक्त प्रल्हाद' (१९६७) मध्ये रंगारावांनी साकारलेला हिरण्यकशिपू याच समजुतीतून उभा राहतो. बालप्रल्हाद झालेल्या चिमुकल्या रोजारमणीसमोर हा प्रचंड देहाचा दैत्यराज प्रथम पिता असतो. मुलाला शिक्षा फर्मावताना त्याच्या आवाजातील कंप लपत नाही. आणि त्या कंपावर मात करणारा अहंकार पाहिला की, अंगावर काटा येतो. 'पांडव वनवासम' (१९६५) मधील दुर्योधन, 'मोहिनी भस्मासुर' (१९६६) मधील भस्मासुर आणि दिग्दर्शक बापू यांच्या 'संपूर्ण रामायणम'मधील रावण, या साऱ्यांना त्यांनी हाच मान दिला. रावणाला मोठे दाखवले म्हणून त्यांनी रामाला लहान केले नाही. उलट, इतक्या मोठ्या शत्रूला जिंकणारा राम किती मोठा असेल, याची जाणीव करून दिली. रावणाला नायक बनवणाऱ्या राजकारणाला आणि त्याला विदूषक बनवणाऱ्या उथळपणालाही त्यांच्या अभिनयाने एकाच वेळी उत्तर दिले.

ज्याला असुर कळला, त्याला माणूसही कळतो. म्हणूनच रंगारावांच्या सामाजिक भूमिका तितक्याच सखोल आहेत. बी. एन. रेड्डी यांच्या 'बंगारु पापा' (१९५५) मध्ये एका अनाथ मुलीला वाढवताना स्वतः बदलत जाणारा कठोर कोटय्या त्यांनी उभा केला. हुंड्याच्या प्रथेचे हसे करणाऱ्या 'पेळ्ळि चेसि चूडु' (१९५२) मध्येही त्यांनी भूमिका केली. तमिळ 'पडिक्काद मेदै' (१९६०) आणि 'नानुम् ओरु पेण्' (१९६३) मधील त्यांचे श्रीमंत घरचे वडील आजही तमिळ घरांत आठवले जातात. 'बोब्बिली युद्धम' (१९६४) मध्ये ते वीर तांड्र पापारायुडू झाले आणि 'हरिश्चंद्र' (१९५६) मध्ये सत्यासाठी डोंबाघरी राबणारा राजा. दादासाहेब फाळके यांनी ज्या सत्यवचनी राजापासून भारतीय चित्रपटाचा श्रीगणेशा केला, त्याच राजाची भूमिका भारताच्या सर्वोत्तम 'दैत्या'ने करावी, हा योगायोगही बोलका आहे. पुढे 'चदरंगम' (१९६७) आणि 'बांधव्यालु' (१९६८) या कौटुंबिक चित्रपटांचे दिग्दर्शनही त्यांनी केले.

उपेक्षा आणि आत्मपरीक्षण

एवढ्या कर्तृत्वाच्या कलावंताला हयातीत एकही पद्म पुरस्कार लाभला नाही. भारतीय चित्रपटाची शताब्दी साजरी होताना २०१३ साली टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले, तेव्हा त्यांच्या निधनाला जवळजवळ चार दशके उलटली होती. परंतु केवळ शासनाला दोष देऊन भागणार नाही. सांस्कृतिक एकात्मतेवर व्याख्याने ऐकणाऱ्या आणि देणाऱ्या किती मराठी घरांत हे नाव ठाऊक आहे? दक्षिणेचा चित्रपट म्हणजे हिंदीत आवाज बदललेली हाणामारी, अशी समजूत करून घेतलेल्यांनी कन्याकुमारीपर्यंतच्या एकतेचा उच्चार करावा, यात काहीतरी विसंगती आहे. शेजारच्या घरातील माणसांची नावेही ठाऊक नसतील, तर कुटुंब एक आहे असे म्हणण्याला अर्थ उरत नाही.

आज पुराणकथांवर शेकडो कोटी रुपये खर्च होत आहेत. २०२३ साली आलेल्या 'आदिपुरुष'मधील रावणाचे रूप आणि संवादांची भाषा यांवर देशभर टीका झाली आणि प्रदर्शनानंतर निर्मात्यांना काही संवाद बदलावे लागले. पैसा होता, तंत्र होते. नव्हता तो अभ्यास. 'मायाबाजार'च्या वेळी छायालेखक मार्कस बार्टले यांच्या हाती संगणक नव्हता. आपोआप तोंडात जाणारे लाडू त्यांनी कॅमेऱ्याच्या करामतीने दाखवले. तरीही तो चित्रपट २०१० साली रंगीत होऊन पुन्हा चित्रगृहांत आला आणि नव्या पिढीने तो डोक्यावर घेतला.

येथे प्रश्न केवळ करमणुकीचा नाही, संस्कारांचा आहे. अधर्म म्हणजे काळे कपडे, लाल डोळे आणि कर्कश आरोळी, असे मुलांना दाखवले, तर मोठेपणी ती त्याच रूपात अधर्माला शोधत राहतील. तो मात्र विद्वत्तेच्या, अधिकाराच्या आणि कधी वडिलकीच्या रूपाने येईल. सभेत मानाच्या आसनावर बसेल, आणि ती त्याला ओळखू शकणार नाहीत. अधर्म नेहमी बाहेरून, परक्याच्याच अंगणातून येतो, अशी सोयीची समजूत समाजाला आतून पोखरते. हिरण्यकशिपू प्रल्हादाच्याच घरात होता, कीचक विराटाच्याच दरबारात.

'मायाबाजार' समजण्यासाठी तेलुगू किंवा तमिळ यावीच लागते, असे नाही. ज्या घरात महाभारत ठाऊक आहे, त्या घराला घटोत्कचाचे हसणे कळते. एखाद्या रविवारी घरातील आजी-आजोबांनी नातवंडांना जवळ घेऊन हा चित्रपट पाहावा. पाठोपाठ 'नर्तनशाला' पाहावा आणि मुलांनी विचारावे, "कीचक इतका रुबाबदार का?" त्या प्रश्नाचे उत्तर देताना मोठ्यांना क्षणभर थांबावे लागेल, स्वतःकडे पाहावे लागेल. नूझीवीडूच्या या नटाने आयुष्यभर असुरांना मान दिला, तो याच क्षणासाठी.